पेरलेली थरथर

दिवा पिवळा लागला.

सभागृहात कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. माई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. दिवा लागला म्हणजे काहीतरी चांगलंच झालं असणार, या हिशेबाने तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की अख्ख्या सभागृहात आपण एकट्याच वाजवतोय. शेजारी बसलेल्या सुनेने तिचा हात हळूच धरला.

"माई, थांबा. पिवळा लागलाय."

"मग?"

"हिरवा लागायला हवा होता."

सून शाळेत गणित शिकवायची. नणंदेच्या कामातलं घरात कुणाला थोडंफार कळत असेल तर ते तिलाच, आणि येताना गाडीत तिने माईला सगळं नीट समजावलं होतं. लांब आकाशात, जिथे आपली नजर तर सोडाच, कल्पनाही पोचत नाही, तिथे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात. त्या दणक्याने अवकाशच थरथरतं. ती थरथर पसरत पसरत आपल्याकडे येते तोवर इतकी बारीक झालेली असते, की शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी त्यात हरवून जावी. ती पकडायला लांबच लांब बोगदे आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. गेल्या वर्षी त्या आरशांत एक थरथर उमटली आणि ती ओळखली भिंगरीने. माईच्या लेकीने. चालायला लागली तेव्हापासून एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. बाहेर ती मोठी खगोलशास्त्रज्ञ, मॅडम, चार देशांतले लोक तिला प्रश्न विचारायला येतात. घरी मात्र त्याच नावाने हाक मारली की ओ देते. जावईही त्याच कामात, तिच्याच प्रयोगशाळेत.

पण या लोकांची एक रीत होती, आणि ती माईला गाडीतसुद्धा विचित्रच वाटली होती. त्यांच्यातलेच तिघेजण कधीतरी, कुणालाही न सांगता, ते आरसे हलकेच हलवायचे. खोटी थरथर पेरायची. बाकीचे जागे आहेत की झोपलेत, आणि जागे असतील तर डोकं ठिकाणावर ठेवून तपासतात की नाही, ते बघायचं. त्या तिघांनी शेवटपर्यंत अळीमिळी गुपचिळी. सगळ्यांनी महिनोन्महिने घाम गाळायचा, शोधनिबंध शेवटच्या ओळीपर्यंत लिहून काढायचा, आणि मग एक दिवस सगळ्यांसमोर संचालकांनी टेबलावरच्या पेटीत किल्ली फिरवायची. हिरवा दिवा लागला तर थरथर आकाशातली. पिवळा लागला तर घरचीच.

"आणि पिवळा लागला तर?" माईने फोनवर लेकीलाच विचारलं होतं.

"नाही गं लागणार," भिंगरी हसली होती. "इतकं सोलून बघितलंय मी त्याला, खोटं असतं तर कधीच साल हातात आलं असतं. तू ये फक्त. दादालाही आण."

दादा, म्हणजे माईचा थोरला, दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद ठेवून आला होता, पण तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून. गेल्या वर्षी अण्णा गेले तेव्हापासून बहीणभावांत धड बोलणं नव्हतं. अण्णा आजारी पडले ते नेमके त्या थरथरीच्याच दिवसांत. भिंगरी आली ती सगळं आटोपल्यावर. थोरल्याने तेव्हा भरल्या घरात तिला सुनावलं होतं, "बाप मरत होता आणि तू आरसे पुसत होतीस!" आणि माईने लेकीची बाजू घेतली होती. वर्षभर घेत आली होती. शेजारणी, नातेवाईक, कुणीही विचारो, माईचं उत्तर ठरलेलं: तिला वेळेवर कळलंच नाही हो, नाहीतर धावत आली असती; आणि काम तरी केवढं मोठं, हजारो वर्षांतून एखाद्याच्या वाट्याला यावं असं.

आता ते 'केवढं मोठं' काम पिवळ्या उजेडात टेबलावर बसलं होतं.

भिंगरी व्यासपीठावर टेबलाशेजारी उभी होती. भाषणासाठी चेहऱ्यावर आणलेलं हसू काढून ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. ते तसंच राहिलं होतं आणि बघवत नव्हतं.

संचालक सावकाश बोलणारे गृहस्थ. "मंडळी," ते म्हणाले, "थरथर आपणच पेरली होती. आणि आपल्या लोकांनी ती बरोबर पकडली, बरोबर मोजली. उद्या खरी आली तर सुटणार नाही, एवढं आज सिद्ध झालं. हे सगळं मॅडममुळे." सभागृहाने टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात. "आता ज्या तिघांनी ही पेरणी केली त्यांनी वर यावं."

डावीकडून एक बाई उठली. मागून एक दाढीवाला उठला. आणि तिसरा उठला तो माईच्याच रांगेतून, थोरल्याच्या पलीकडच्या खुर्चीवरून. जावई.

बरं झालं, माईला वाटलं, तिला सावरायला गेला. शहाणा आहे. पण जावई बायकोकडे गेलाच नाही. तो त्या दोघांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मान खाली, हात पाठीमागे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. सुनेची पकड माईच्या मनगटावर आवळली.

"माई, ह्यांना माहीत होतं."

"कुणाला? काय?"

"जावईबापूंना. सगळं खोटं आहे हे. पहिल्या दिवसापासून."

माईने आधी सुनेकडे बघितलं, मग वर. भिंगरीही नवऱ्याकडेच बघत होती. तिचं ते विसरलेलं हसू आता कुठे गळून पडलं.

---

मध्यंतरात संचालकांनी त्यांना सभागृहामागची एक खोली उघडून दिली. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, अर्धवट पुसलेला फळा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. सुनेने चार-पाच खुर्च्या काढून मांडल्या, पण बसली एकटी माईच. जावई दारापाशी घुटमळला. थोरल्याने त्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," थोरला म्हणाला. आवाज अजून खाली होता. "ही बया आख्ख्या आकाशात शोधत फिरतेय, आणि उत्तर हिच्याच स्वयंपाकघरात बसून चहा पितंय. वा राव, वा! मानलं तुम्हाला."

"दादा, मी..."

"दादा म्हणू नका मला!"

"अहो, हळू," सून म्हणाली.

"का हळू? माझा बाप गेला. हिची वाट बघत गेला. आणि ही कशासाठी थांबली होती? एका... एका गमतीसाठी! आणि हे महाशय तेव्हा कुठे होते? आमच्याच घरी. अण्णांच्या उशाशी."

ते मात्र खरं होतं, आणि माईच्या काळजात तिथेच घुसलं. भिंगरीला येता येईना तेव्हा जावई आला होता. रजा टाकून आला, अण्णांची औषधं, अंग पुसणं, सगळं केलं. चादरीला सुरकुती पडू दिली नाही. माई आल्यागेल्याला सांगायची, लेकीची जागा जावयाने भरून काढली, देवमाणूस आहे. आणि देवमाणूस रोज सकाळी तिच्या हातचा चहा घेऊन, "तिचं काम कसं चाललंय हो?" या प्रश्नाला "जोरात चाललंय, आई" असं उत्तर देत होता.

"जावईबापू," माई म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "मी तुम्हाला रोज विचारत होते."

"हो, आई."

"आणि तुम्ही रोज सांगत होतात."

"हो."

"माझ्या तोंडाकडे बघून?"

जावई आता तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तो त्याने पुसलाही नाही.

थोरला आता त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला होता. "एक शब्द, फक्त एक शब्द सांगायचा होतास हिला. जा म्हणायचं, संपलं. तुझी जीभ झडली असती का?" अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा थोरला बहिणीच्या बाजूने भांडत होता. इतर कुठल्या दिवशी माईने त्यासाठी साखर वाटली असती.

"त्याला बोलू नकोस," भिंगरी म्हणाली.

ती खिडकीशी उभी होती.

"काय?"

"नियम आहे. पेरणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, भावाला नाही, नवरा-बायको असले तरी एकमेकांना नाही."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम! कुठल्या दगडाने केला तो?"

"मी," भिंगरी म्हणाली.

थोरला तिच्याकडे वळला.

"ते शेवटचं वाक्य मी घातलंय. आमच्यात नवरा-बायकोच्या जोड्या बऱ्याच. लोक म्हणाले, घरात कसं लपणार? मी म्हटलं, लपलंच पाहिजे, नाहीतर पेरणीला अर्थ नाही. हा तेव्हा माझ्याशी भांडला होता. हे माणसाला जमणारं नाही म्हणाला. मी म्हटलं, तुला जमत नसेल तर तू कधी पेरणारा होऊ नकोस." ती नवऱ्याकडे वळली. "का झालास?"

"चिठ्ठी निघाली," तो म्हणाला. "नाही म्हणायची सोय नियमात नाही. तीही तूच ठेवली नव्हतीस."

सुनेच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. थोरला खुर्ची ओढून बसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दातांच्या डॉक्टरालाही त्यावर इलाज ठाऊक नव्हता.

"पण मी तुला विचारलं होतं," भिंगरी म्हणाली. "अण्णांना घरी आणलं त्या दिवशी. फोनवर. मी विचारलं, जाऊ का रे? काम सोडून? तू म्हणालास, तुझं तू ठरव. थरथरीबद्दल काही नसतं सांगितलंस, चाललं असतं. नवरा म्हणून 'जा' म्हणता आलं असतं की."

"आणि तुला कळलं नसतं?"

"काय?"

"मी, जो तुझ्या प्रत्येक प्रयोगाला 'आधी काम पूर्ण कर' म्हणतो, तो एकदम 'काम सोड, जा' म्हणाला असता तर? फोन ठेवायच्या आत तुला कळलं असतं. तू आहेसच तशी. मी तीन वेळा तोंड उघडलं. तिन्ही वेळा मिटलं."

भिंगरीने काही तरी बोलायला म्हणून श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. कळलं असतं. खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं, थोरल्यालाही. राग होता तेवढाच होता. त्याला टेकायला भिंत राहिली नव्हती.

"अजून एक आहे," जावई म्हणाला. "आज सगळं निघतंय तर तेही निघू दे. मी नियम मोडला. एकाला सांगितलं."

"कुणाला?" भिंगरीने विचारलं.

"अण्णांना."

माई उभी राहिली. का उभी राहिली ते तिलाही कळलं नाही.

"तुम्ही बाहेर गेला होतात, आई. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी मला सरळ विचारलं, पोरीला सापडलंय ते खरं आहे का हो? डोळ्यांत बघून. बाकी सगळ्यांशी मी खोटं बोललो, त्या माणसाशी बोलवेना. सांगून टाकलं. मला वाटलं आता शिव्या घालतील. म्हणतील, करा तिला फोन. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांनी सांगितलं असतं तर मी नियम गुंडाळून ठेवला असता. पण ते हसायलाच लागले."

"हसले?" माई म्हणाली.

"खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, मीसुद्धा हेच करायचो."

आणि माईला ते ऐकायच्या आधीच ऐकू आलं. अण्णा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते. नवीन इमारतीत लिफ्ट बसवून झाली की गुपचूप दोन मजल्यांच्या मध्ये स्वतःला अडकवून घ्यायचे आणि धोक्याची घंटा दाबायचे. खाली रखवालदार किती वेळात धावतो ते बघायला. एकदा कुणीच धावलं नाही, तर दुपारभर आत बसून राहिले. घरी आले ते रखवालदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. माईने विचारलं होतं, आधी सांगून का नाही दाबत घंटा? तर तिच्याकडे बघतच राहिले होते, ही काय विचारतेय म्हणून.

"म्हणाले, सांगून दाबली तर ती घंटा कसली? तिला काही बोलू नका. शोधू दे. बरोबर शोधते का ते बघा."

"आणि मला?" माईने विचारलं. "मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले..." जावई अडखळला.

"बोला! आता कसली लाज?"

"म्हणाले, हिच्या पोटात काही राहत नाही. पाच मिनिटांत पोरीला फोन करील."

थोरल्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. हसू म्हणावं तर तसं, हुंदका म्हणावं तर तसा. माईचं तोंड उघडंच राहिलं. त्या शेवटच्या दिवसांत ती नवऱ्याच्या पायाशी बसून त्याला लेकीच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगत होती. तिचा फोटो पेपरात येणार, तिला केवढा मान मिळणार. आणि तो डोळे मिटून ऐकत होता, "हो का?" म्हणत होता. सगळं ठाऊक असून! इतक्या वर्षांचा संसार, एका ताटात जेवले, आणि मरताना माणसाने गुपित ठेवलं ते जावयाशी, बायकोला बाहेर ठेवून. मेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? माईने रागवून घेतलं. भरपूर रागवून घेतलं, मनातल्या मनात, नेहमीच्या शेलक्या शब्दांत. आणि मग धप्पकन खाली बसली. सुनेने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला, तर अर्धं पाणी साडीवर सांडलं.

"म्हणजे बघा," थोरला म्हणाला. तो पुन्हा तापत चालला होता, पण आता त्याला कुणावर तापावं ते कळत नव्हतं. "अण्णांना माहीत, ह्यांना माहीत. आणि ही एकटी तिकडे. हिला बिचारीला शेवटपर्यंत कुणी बोलावलंच नाही. आणि मी वर्षभर हिला..." तो बहिणीकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "भिंगरे, मी तुला काय काय बोललो गं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुला कुणी..."

"मला बोलावलं होतं," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"गप्प बस," जावई एकदम म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "काही गरज नाही."

"आहे गरज. हा दादा माझी माफी मागतोय." भिंगरी खिडकीपासून पुढे आली. "ह्याने मला फोन केला होता, दादा. आदल्या संध्याकाळी. म्हणाला, ये. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, काही विचारू नकोस, नुसती ये. मी म्हटलं, आज एक शेवटची तपासणी आहे, उद्या सकाळी निघते. हा परत म्हणाला, ये. मी फोन ठेवून दिला."

त्या रात्री, उजाडायच्या आत, अण्णा गेले होते.

माईला तो फोन आठवत होता. जावई गॅलरीत गेला, परत आला, आणि म्हणाला, आई, फोन लागत नाहीये, ती बोगद्यात असेल, तिथे फोन नेऊ देत नाहीत. एवढ्यावर माईने वर्ष काढलं होतं. एवढ्यावर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडली होती, पोटच्या पोराला ताटावरून उठवलं होतं. आणि लेक आल्यावर तिच्या गळ्यात पडून माईच म्हणाली होती, "तुला फोनसुद्धा लागला नाही गं माझे बाई." तेव्हा लेकीने काय केलं होतं? काहीच नाही. नुसती मान हलवली होती.

"अण्णांनीच सांगितलं होतं फोन करायला," जावई हळूच म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "म्हणाले, बोलवा तिला, कारण सांगू नका. कारण सांगून आणलेलं माणूस ते आणलेलं. फोन झाल्यावर मी आत गेलो, तर त्यांनी विचारलं, काय म्हणाली?"

"काय सांगितलंस?" भिंगरीचा आवाज ऐकू येईल न येईल असा.

"निघालीय म्हणून सांगितलं."

भिंगरी खाली बसली, फरशीवरच, फळ्याला पाठ लावून. पांढऱ्या खडूची अर्धी गणितं तिच्या चांगल्या रेशमी कुडत्याला लागली. ती रडत नव्हती. नुसती श्वास घेत होती, एक झाला की दुसरा, मुद्दाम घ्यावा लागतो तसा. थोरला उठला, तिच्याकडे निघाला, मध्येच थांबला. माफी मागायला निघालेला माणूस, त्याचे हात वाटेतच लटकून राहिले.

दारावर टकटक झाली. संचालकांनी दार किलकिलं केलं आणि आतला देखावा बघून त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, माफ करा. लोक परत येऊन बसलेत. किल्लीचं तेवढं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "आज नको असेल तर नको."

"कसली किल्ली?" माईने सुनेला विचारलं. सुनेने हलक्या आवाजात सांगितलं. पेरलेलं ज्याने पकडलं, पुढची पेरणी त्याच्याकडे. पेटीची किल्ली त्याला मिळते. मग कधी पेरायचं, काय पेरायचं, ते तो ठरवतो, आणि तोंड बंद ठेवतो. आता भिंगरीची पाळी, सोबतचे दोघे चिठ्ठीने.

"पाच मिनिटं द्या," भिंगरी म्हणाली. दार बंद झालं.

"सोड हे सगळं," थोरला म्हणाला. "जा आणि सांग त्यांना, किल्ली घाला चुलीत. माणसं खाणारं काम आहे हे."

भिंगरी माईकडे बघत होती. सगळेच माईकडे बघायला लागले. माईला कळत होतं की पोरीला काहीतरी हवंय आपल्याकडून. वर्षभर आपण ज्या शब्दांवर हिच्या बाजूने उभ्या राहिलो ते शब्द तर केरात गेले. आता नवीन कुठून आणायचे?

"मला एक सांग," माई म्हणाली. "मी पडले अंथरुणाला. आणि त्याच दिवशी तुझ्या आरशांत काहीतरी थरथरलं. मी म्हटलं, ये. येशील?"

"माई, हे आत्ता काय..." थोरला म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. येशील का गं?"

भिंगरीने तोंड उघडलं. माईला वाटलं, आता येईन म्हणेल. आता हिने येईन म्हटलं की मी हिला जवळ घेईन, आणि आजच्यापुरतं भागेल.

"खरं सांगू?"

"खरंच सांग. खोट्याने पोट भरलंय आज."

"पेरलेलं असेल आणि मला ठाऊक असेल, तर धावत येईन," भिंगरी म्हणाली. "आकाशातलं असेल तर नाही येणार, माई."

सुनेने तोंडावर हात ठेवला. जावयाने डोळे मिटले. थोरला बहिणीकडे असा बघायला लागला, जणू ही कुणी दुसरीच बाई या खोलीत चुकून आली आहे.

माईला ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. तिने स्वतःच्या लेकीकडे बघितलं, फरशीवर बसलेली, पाठीला खडू, केस विस्कटलेले, आणि त्या तोंडावर तिला एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे लबाडी. आज दिवसभरात या घरातल्या कुणाच्याही तोंडातून इतकं भयंकर काही निघालं नव्हतं. आणि इतकं सरळही.

"मला राग येईल," माई म्हणाली. "आत्ताच आलाय. मरतानाही येईल, शेवटच्या श्वासापर्यंत तुझ्यावर रागावलेली असेन मी. पण निघाले म्हणून खोटं सांगू नकोस. कुणाला सांगायलाही लावू नकोस. ऊठ. पाठ झाड. लोक थांबलेत."

भिंगरी उठली. पाठ झाडली ती सुनेने. जाताना ती नवऱ्यापाशी क्षणभर थांबली आणि बाहेर गेली.

सभागृहात माई परत पहिल्या रांगेत येऊन बसली. थोरला दोन खुर्च्या सोडून बसला, कुणीही जवळ नको म्हणून. सून त्याच्यापाशी. जावई रांगेच्या टोकाशी उभाच होता. माईने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली.

"बसा," ती म्हणाली. "पण माझ्याशी बोलू नका. आज नाही."

तो बसला.

वर संचालकांनी भिंगरीच्या हातात किल्ली दिली. रीतीप्रमाणे तिला सगळ्यांसमोर शपथ घ्यायची होती. तिने कागद घेतला नाही. शब्द तिचेच होते, तिला पाठ होते. कुणालाही सांगणार नाही, ती म्हणाली. आईला नाही. भावाला नाही. नवरा-बायको असले तरी नाही. एकही शब्द तिने वगळला नाही, एकही वाढवला नाही, आणि म्हणताना सबंध वेळ ती पहिल्या रांगेकडेच बघत होती.

टाळ्या झाल्या. जावईही वाजवत होता. माईने त्याच्याकडे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं, पुष्कळ दिवसांचं ओझं उतरलेल्या माणसाचं. बिचाऱ्याच्या अजून ध्यानातच आलं नव्हतं.

"जावईबापू," बोलायचं नाही असं ठरवूनही माई म्हणाली, "आता तुम्ही विचाराल, काम कसं चाललंय. आणि ती सांगेल, जोरात चाललंय."

त्याचे हात टाळी वाजवता वाजवता तसेच थांबले.

"तेव्हा फोन आला आणि कुणी नुसतं ये म्हटलं," माई म्हणाली, "तर तुम्ही तरी निघा."